जामच्या चौरस्त्यावरची रानकाकडी

झाडं मेल्यानंतर त्यांची काळजी घेणं हा माझा धंदा आहे. जिवंत झाडांवर माया करणारे पुष्कळ असतात. माझ्याकडे झाड येतं ते मुळासकट उपटलेलं, मान टाकलेलं. मी त्याला जुन्या वर्तमानपत्रात झोपवते, पानं नीट पसरते, वरून वजन ठेवते आणि ओल शोषलेला कागद रोज बदलते. पूर्ण वाळलं की जाड कागदावर डकवायचं आणि खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. नाव काय, कुठं मिळालं, कधी मिळालं, कोणी आणलं. मग ते कपाटात जातं आणि आपण सगळे मेलो तरी तिथंच राहतं. वर्ध्याच्या एका कॉलेजातल्या अशा नऊ कपाटांची मी गेली सत्तावीस वर्षं राखणदार आहे.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडच्यांनी विचारलं, मुलगी काय करते? मामा म्हणाले, "कॉलेजातली कपाटं सांभाळते. किल्ल्या तिच्याकडेच असतात." लग्न तिथल्या तिथे ठरलं. कपाटांत काय आहे ते मी लग्नानंतर चौथ्या दिवशी सांगितलं.

नोकरीला लागले ती परिचर म्हणून. झाडू, फडकं, चहा. पण सर लोक येत राहिले आणि निवृत्त होत राहिले, मी मात्र तिथेच होते. प्रत्येकजण जाता जाता मला काहीतरी शिकवून गेला. आता एखादे नवे सर फांदी हातात धरून विचारात पडले की मी चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता हळूच नाव सांगते. मग सर तेच नाव मोठ्याने वर्गाला सांगतात. आमचं छान चाललंय.

वनस्पती गोळा करायला मी स्वतः जाते. स्कूटरला मागे झाडं दाबून वाळवायची, लाकडी पट्ट्यांची दाबपाटी बांधलेली असते, दोन पट्टे आवळलेले. ती पाहून लोकांनी मला काय काय म्हणून ओळखलंय! रोहण्याला मी गुप्तधन शोधणारी होते. एका गावात पाळणा लांबवण्याच्या गोळ्या वाटणारी. सिंदीला रेल्वे रुळांच्या कडेला मी वाकून गवत उपटत होते, तर गाडीची वाट पाहणारी एक आजी माझ्याजवळ आली, डबा उघडला, भाकरीवर चटणी ठेवून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "खाय माय. नवरा पाह्यत नाई का वं तुले?" मी भाकरी खाल्ली. नवरा नीट पाहतो हे खरं सांगितलं असतं तर चटणी वाया गेली असती.

आमच्या खोलीचा एक नियम मात्र सांगायला हवा. तिथलं काहीही तोंडात घालायचं नाही. जुन्या काळी वाळलेल्या नमुन्यांना कीड लागू नये म्हणून विषारी पाण्यात बुडवत. कोणत्या कागदावर काय आहे ते आता कोणाला ठाऊक? त्यामुळे झाड पाहायचं, मोजायचं, हवं तर हुंगायचं, पण जीभ लावायची नाही. पंचवीस वर्षं मी हा नियम खोलीबाहेरही पाळला. पहिल्यांदा मोडला तो भर पंचायतीत, दीडशे डोळ्यांसमोर. त्याचीच ही गोष्ट.

दोन वर्षांमागे, दसऱ्याच्या आधीचे दिवस. जामजवळच्या एका गावाच्या सरपंचांचा फोन आला. त्यांना आपण बाळूभाऊ म्हणू.

"ताई, तुमी पाल्याच्या डॉक्टर ना?"

"डॉक्टर नाही. पण बोला."

"आमच्या गिरजाबाईनं चौरस्त्यावर कवंडळ इकलं, असं लोक म्हनून राह्यले. एका गाडीतली बाई अन् दोन पोट्टे ओकून ओकून दवाखान्यात गेले. सलाइन लागली. आता बरे हायेत. पन घरवाला येऊन लय तमाशा करून गेला. तुमी येऊन सांगा, हे जहर हाये का खायाचं हाये."

जामचा चौरस्ता म्हणजे चारही दिशांच्या गाड्यांना चहा पाजणारी जागा. तिथे गिरजाबाई टोपली घेऊन बसते. पावसाळाभर ती निंदणाच्या टोळीची म्होरकी असते. पंधरा-वीस बायांना घेऊन कपाशीचं वावर ओळीनं निंदून काढायचं, हे तिचं काम. निंदण सरलं की नवरात्रापासून थंडी पडेपर्यंत ती रानकाकड्या विकते. अंगठ्यापेक्षा थोडं मोठं, लांबट गोल, हिरव्यावर पांढुरके पट्टे असलेलं हे फळ पिकलं की पिवळं पडतं आणि छान आंबटगोड लागतं. कोणी याला शेंदाड म्हणतं, कोणी शेरणी. गाव बदललं की नाव बदलतं. शेतकऱ्याच्या लेखी ते तण. कोणी पेरत नाही, कोणी पाणी देत नाही, तरी दरवर्षी उगवतं.

मी फोनवर बाळूभाऊंना सांगितलं की नुसतं फळ चालणार नाही, वेल मुळासकट आणून ठेवा. आमच्या धंद्यातली ही पहिली गोष्ट. लोक फोनवर फोटो पाठवतात आणि विचारतात, ताई, हे काय? फोटोत निम्मा अंगठा असतो, निम्मं आकाश. अशाने झाड ओळखू येत नाही. काकडीच्या खानदानातले वेल तर एकमेकांची इतकी नक्कल करतात की जणू सख्ख्या जावांनी एकाच गाठोड्यातल्या साड्या नेसाव्यात.

तुम्हाला कधी उपयोग झाला तर सांगून ठेवते. वेल आधाराला स्प्रिंगसारखा जो तंतू टाकतो, तो आधी पाहायचा. रानकाकडीचा तंतू एकेरी असतो. शिवलिंगीचा टोकाला दुभंगतो. तिची फळं लाल गोल, पांढऱ्या रेघांची, दिसायला मोहक आणि खायला वाईट. मग पान. रानकाकडीचं पान गोलसर, कडेला थोडं खाचलेलं, हाताला खरखरीत. कवंडळासारख्याच कडूजहर इंद्रावणाचं पान कात्रीने खोल कापल्यासारखं. फूल पिवळं, बोटाच्या पेराएवढं. कोवळ्या फळावर लव असते, पिकताना ती झडून फळ गुळगुळीत होतं. एवढं जुळलं की झालं. असं मला वाटत होतं.

मी पोचले तेव्हा पंचायतीच्या ओट्यावर गाव जमलेलं होतं. मधे टेबल, टेबलावर वेल, पिशवीत सहा-सात फळं. कोपऱ्यात खांबाला टेकून गिरजाबाई बसलेली. साठीची, काटक, लुगड्याचा काचा घट्ट मारलेला, नजर जमिनीवर. तिच्या समोर कमलाबाई. चौरस्त्याच्या पलीकडच्या बाजूला ती उकडलेल्या शेंगा विकते, आणि निंदणाची दुसरी टोळी तिची. दोघींचं वैर गावाला पाठ होतं.

"मी म्हनलं होतं," कमलाबाई कोणालाही उद्देशून नाही अशा थाटात म्हणाली, "की बुढी आता कोनताही पाला तोडून आनते."

"तू शेंगा इक वं तुह्या," गिरजाबाई खालमानेनेच म्हणाली. "त्यायत निम्म्या फोलपटं राह्यतात, ते सांग लोकायले."

बाळूभाऊंनी दोघींना गप्प केलं आणि मला म्हणाले, "ताई, फैसला तुमचा. हे कवंडळ असन तं गिरजाबाईचं टोपलं आजपासून बंद. अन् धुऱ्याबांधावरचे सारे वेल उपटून टाकाचे, असं ठरलं हाये."

आता माझी अडचण समजून घ्या. पंचवीस वर्षं मी चहाच्या कपाआडून कुजबुजत नावं सांगितली. आज पहिल्यांदा टेबल माझं होतं, गर्दी माझी होती आणि मधे सर नव्हते. मी पदर खोचला. वेल दोन्ही हातांनी वर धरला. तंतू ताणून दाखवला, "पाहा, एकेरी!" पान एका म्हाताऱ्याच्या गालावर घासलं, "खरखरीत आहे की नाही?" तो म्हणाला, "हाव." फूल दाखवलं, फळ दाखवलं. मग आवाज एकदम खाली आणला आणि म्हटलं, "हे कवंडळ नाही. इंद्रावण नाही. शिवलिंगी नाही. ही आपली रानकाकडी. गिरजाबाई निर्दोष आहे."

कोणीतरी टाळी वाजवली. त्या एका टाळीने माझा घात केला.

"मंग पोट्टे काऊन ओकले?" बाळूभाऊंनी विचारलं.

"रस्त्यात समोसे खाल्ले असतील," मी बेधडक म्हटलं. कोणते समोसे, कुठले समोसे, देव जाणे! आणि शंका उरू नये म्हणून पिशवीतलं एक फळ उचललं, पदराला पुसलं आणि सर्वांसमोर अर्धं चावलं.

वाचकहो, कडू म्हणजे काय ते तुम्हाला कारल्यापुरतंच ठाऊक असेल. हे कडू जिभेवर पडलं आणि कानात गेलं. डोळ्यांत गेलं. दातांची मुळं कडू झाली. आणि समोर दीडशे डोळे.

मी हसले. चावलं. थोडं गिळलं. आणि म्हणाले, "छान आहे."

माझ्या नोकरीतलं हे सगळ्यात वाईट वाक्य. झाडाचं नाव चुकलं असतं तर कागदावर खोडून दुरुस्त करता आलं असतं.

स्कूटर जामच्या पुढे जेमतेम गेली असेल, मी रस्त्याकडेला उतरले आणि एका बाभळीला धरून सगळं बाहेर काढलं. त्याच अवस्थेत बाळूभाऊंना फोन लावला. "आज टोपली बसू देऊ नका. कोणीही एक फळ खाऊ नका. माझं चुकलं. उद्या येऊन सांगते."

"अवो ताई, आता तं तुमी..."

"चुकलं म्हटलं ना!" आणि पुन्हा बाभूळ धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थेट गिरजाबाईच्या दारात. ती भांडी घासत होती. तिने वर पाहिलं नाही.

"काल गोड होती, आज कडू झाली का वं माय?"

"कालही कडूच होती. मी खोटं बोलले."

आता तिने वर पाहिलं. "खोटं? कायले?"

"टाळी वाजली म्हणून."

तिच्या तोंडाची एक बाजू किंचित हलली. हसू होतं की कीव, मी विचारलं नाही. "चहा घे," ती म्हणाली. "मंग वावर दाखवते."

गावाबाहेर पडलो. दोन्हीकडे कपाशी छातीला लागलेली, आणि खाली जमीन कशी, तर झाडून घेतल्यासारखी स्वच्छ.

"यंदा औषध मारलं साऱ्यायनं," ती म्हणाली. "तनाचं औषध. निंदाले बाया सांगाच्या, त्यापेक्षा स्वस्त पडते म्हने. या एका वावरात बावीस वेल होते माय. माह्ये."

"तुझे कसे? ते तर आपोआप उगवतात."

ती थांबली. एखाद्या अडाण्याशी बोलावं तशी सावकाश बोलू लागली. "आपोआप उगवते, पन आपोआप राह्यते का? निंदताना हा वेल दिसला की खुरपं आडवं करतो आमी. उपटत नाई. पयलं फळ धरलं की त्याचं टोक कापून जिभेले लावाचं. कडू निंघालं तं वेल मुळासकट बाहेर. नाई निंघालं तं ठेवाचा, अन् बाजूच्या पऱ्हाटीच्या झाडाले चिंधी बांधाची, की हा चांगला हाये. फळ खाल्लं की बिया त्याच तासात, त्याच ओळीत थुकाच्या. घरी नाई न्याच्या, फेकाच्या नाई. माह्या सासूनं असंच केलं. तिच्या सासूनं बी."

मी तिथेच धुऱ्यावर बसले. माझ्या कपाटात या वेलाचे अकरा कागद आहेत. सगळे मीच गोळा केलेले. प्रत्येकावर माझ्या सुंदर अक्षरात लिहिलंय, "कपाशीच्या शेतात. तण." मी त्या वावरांत शिरले होते, तेव्हा बाजूला बाया निंदत होत्या. त्यांनी मला पाणी दिलं होतं. चिंध्याही पाहिल्याचं मला आठवत होतं. वाटलं, वाऱ्याने अडकल्या असतील. ज्याला मी तण लिहीत होते, त्याला कित्येक पिढ्या बाया चाखून, निवडून, थुंकून पेरत होत्या. आणि मी त्यांना विचारलं काय, तर "पाणी थंड आहे का?"

"मग यंदाच्या काकड्या कुठल्या?" मी विचारलं.

तिने मला हायवेच्या बाजूला नेलं. रस्ता रुंद करताना कुठून कुठून आणून टाकलेल्या मातीचा एक लांबलचक ढीग होता आणि त्यावर वेलांची चादर. तंतू एकेरी, पानं गोलसर, फुलं पिवळी. फळांनी लगडलेले. चिंधी मात्र एकही नाही.

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. मधमाशी काही जात विचारत नाही. ती बागेतल्या काकडीच्या भावकीवरून रानातल्या वेलावर जाते, तिथून आणखी कुठे, आणि वेलांच्या रक्तात दडलेलं कडू पुन्हा वर येतं. वावरात असं कडू वर आलं की गिरजाबाई ते उपटून टाकते. या ढिगावर उपटणारं कोणी नव्हतं. म्हणजे नाव तेच, पान तेच, तंतू तोच. पण वाढला कुठे आणि कोणाच्या हाताखाली, हे विचारल्याशिवाय वेल ओळखलाच नाही म्हणायचं.

"पण गिरजाबाई, तू तर चाखतेस. मग?"

"चाखल्या ना," ती पटकन म्हणाली. "साऱ्या चाखल्या. हे पाह्य." तिने एक फळ तोडलं, दाताने टोक काढलं, चावलं. "गोड हाये."

तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

मी तिच्या हातातलं उरलेलं फळ घेतलं आणि जिभेच्या शेंड्याला नुसतं टेकवलं. कालचंच विष. मी थुंकले, पुन्हा थुंकले. "थुंक," मी ओरडले. "गिरजाबाई, थुंक आधी ते!"

तिने थुंकलं. पदराने तोंड पुसलं. मग हायवेकडे तोंड करून ढिगाच्या कडेला बसली.

"पावसाच्या आंधी ताप आला होता," ती म्हणाली. "तवापासून जिभेले काई समजत नाई. मीठ नाई, तिखट नाई. भाजीत मीठ दोनदा टाकते, तं सून बोलते. मी म्हनते, ध्यान नव्हतं."

"आणि उलट्या? तुला नाही झाल्या?"

"झाल्या ना. मले वाटलं पित्त."

"कोणाला सांगितलं का नाहीस?"

"कोनाले सांगू? चाळीस वर्सं झाले, या शिवारात गिरजाची जीभ चालते. पोरी वेल घेऊन मले इचारतात, आत्या, ठेवू का उपटू? उद्या म्हनतीन, बुढीची जीभ मेली. टोळी कमलीकडे जाईन, टोपलं बी जाईन. मंग मी घरात बसून काय करू वं?"

एका अनोळखी बाईला आणि तिच्या दोन पोरांना सलाइन लागली होती, हे ती विसरली नव्हती. ते तिच्या चेहऱ्यावर होतं. मीही विसरू शकत नव्हते, कारण मी काल त्यांच्या दुखण्यावर समोसे फेकले होते. आम्ही दोघी त्या ढिगावर सारख्याच गुन्हेगार होतो. एकीला चव कळली नव्हती, दुसरीने कळूनही लपवली होती. माझा गुन्हा मोठा, यात मला आजही शंका नाही.

"संध्याकाळी पंचायतीत मी माझं सांगणार आहे," मी म्हटलं. "तुझं मी सांगणार नाही. ते तुझं तू ठरव."

संध्याकाळी ओटा पुन्हा भरला. मी उभी राहिले. पदर खोचला नाही. म्हटलं, "काल मी इथे कडू फळ खाल्लं आणि छान आहे म्हणाले. त्या पोरांना त्रास झाला तो या फळानेच. समोसे मी मनाने रचले. वेल रानकाकडीचाच आहे, पण ढिगावरचा वेल कडू आहे. त्यातलं एकही फळ कोणी खाऊ नये. वावरातला निवडलेला वेल वेगळा."

टाळी कोणी वाजवली नाही. एक म्हातारा म्हणाला, "म्हनजे काल माह्या गालावर पान फुकटच घासलं."

मग बाळूभाऊ म्हणाले, "पन गिरजाबाई तं चाखून इकते. तिले कसं कळलं नाई?"

मी माझ्या चपलांकडे पाहत राहिले. गिरजाबाई खांबाला धरून उठली.

"मले चव नाई येत," ती म्हणाली. "तापानं गेली. मी लपवलं. त्या पोट्ट्यायच्या मायले मी पाय धरून माफी मागते. टोपलं बंद करा. पन धुऱ्यावरचे उरलेसुरले वेल नोका उपटू. ते चांगले हायेत. त्यायचा काई दोष नाई."

एवढं बोलून ती बसली. पदर तोंडावर घेतला.

आणि कमलाबाई उठली. मला वाटलं, आता झालं. बारा वर्षांचं वैर आज पंगतीला बसणार.

"जीभ गेली तं मले काऊन नाई सांगितलं?" ती कडाडली. "माह्यी काय झडली होती का? मी काय फक्त शेंगा खाऊन राह्यली? माह्या मायनं मले बी चाखाले शिकवलं. ढिगाऱ्यावर जाऊन तोडते म्हने! माह्या तुरीच्या वावरात औषध नाई मारलं, आठ वेल उभे हायेत, चिंध्या बांधून. हिले ते दिसत नाईत, काऊन की धुरा माहा हाये!"

"तुह्या धुऱ्यावर पाय ठेवला असता तं तंगडी तोडली असती ना तू," पदराआडून आवाज आला.

"तोडली असती," कमलाबाई म्हणाली. "पन चाखून दिलं असतं."

ओटा हसला. बाळूभाऊंनी तिथेच त्या कुटुंबाला फोन लावला आणि झालेलं सगळं न लपवता सांगितलं. पलीकडच्या बाईने गिरजाबाईला फोन द्यायला सांगितला. काय बोलल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही. गिरजाबाई नुसती "हाव, हाव माय" म्हणत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "तू बी जप."

ठरलं असं. ढिगावरचे वेल गावाने मिळून उपटायचे. टोपली महिनाभर बंद. आणि नंतर बसायची तर दोघींनी मिळून बसायचं. वेल गिरजाबाईने हेरायचा, कारण गवतात दडलेला वेल तिच्याइतका कोणाला दिसत नाही. चाखायचं कमलाबाईने. गिऱ्हाइकाला देताना त्याच्या डोळ्यांदेखत टोक कापायचं आणि सांगायचं, कडू लागलं तर लगेच थुंका, गिळू नका.

मी गिरजाबाईला सेवाग्रामच्या रस्त्याला असलेल्या एका डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, तापानंतर असं होतं. येईल हळूहळू, नाहीही येणार कदाचित. रोज वेगवेगळी चव घेऊन जिभेला आठवण करून देत राहा. त्या दिवसापासून सुनेच्या हाताखाली तिचा अभ्यास सुरू झाला. सकाळी मीठ, दुपारी चिंच, संध्याकाळी मेथी. सून म्हणायची, शाळेत पोरं एवढा अभ्यास करत नाहीत.

इकडे मी माझे अकरा कागद बाहेर काढले. नव्या वेलाचा बारावा केला आणि चिठ्ठीवर खाली एक ओळ वाढवली: चव अमुक, चाखणारी अमुक, वेल का राखला ते तिच्या शब्दांत. नवे सर म्हणाले, "अहो, चिठ्ठीत चवीचा रकाना नसतो." मी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाले, "आता आहे, सर." दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गाला मोठ्याने सांगितलं की चिठ्ठीत चवीचाही रकाना असायला हवा. आमचं छानच चाललंय.

आणि जुन्या अकरा कागदांवर मात्र मला काही लिहिता आलं नाही. ज्या बायांनी ते वेल राखले त्यांची नावं मी कधी विचारलीच नव्हती. ती जागा कोरी आहे. कोरीच राहील.

त्या पुढच्या हंगामात दोन शेतकऱ्यांनी धुऱ्यालगतच्या चार-चार ओळी औषधाशिवाय सोडल्या. गिरजाबाईने काही म्हटलं नव्हतं. कमलाबाईने बहुधा पुष्कळ काही म्हटलं असावं. जमिनीत बिया होत्याच. सासूने थुंकलेल्या की सासूच्या सासूने, कोण सांगणार? वेल वर आले.

यंदा पहिली फळं धरली तेव्हा मी गेले होते. आठ-दहा बाया ओळीत होत्या. गिरजाबाई पुढे, एकेका वेलाशी बसून, पान उलटून पाहत. मागे कमलाबाई सुरी घेऊन. एक टोक कापायची, जिभेला लावायची, "ठेवा," म्हणायची. चिंधी बांधली जायची. पुढचा वेल. "ठेवा."

तिसऱ्या का चौथ्या वेलापाशी गिरजाबाईने टोक स्वतःच दाताने काढलं. डॉक्टरांनी सांगितलेला अभ्यास म्हणून ती अधूनमधून असं करते. बाकीच्या बाया तिकडे लक्षही देत नाहीत.

तिचा चेहरा आक्रसला. डोळे मिटले. आणि तिने इतक्या जोरात थुंकलं की पलीकडच्या ओळीतली बाई दचकून उठली.

"थू! निरा जहर हाये हे!"

कमलाबाईने तिच्या हातातलं फळ ओढून घेतलं, जिभेला लावलं, आणि तिनेही थुंकलं.

"हाव," कमलाबाई म्हणाली. "कडू हाये वं. खरंच कडू हाये."

मग एकच कल्ला. बायांनी खुरपी टाकली. कोणी हसत होतं, कोणी डोळे पुसत होतं, आणि मी, जिला दोन वर्षांपूर्वी याच चवीने बाभळीला मिठी मारायला लावली होती, तीच चव दुसऱ्या कोणाला आली म्हणून वावरात टाळ्या वाजवत होते.

"आणि गोड?" मी विचारलं. "गोड कळतं का?"

तिने जीभ तोंडात फिरवून पाहिली. मान हलवली. "नाई. गोड अजून नाई. साखर मातीसारखी लागते." आणि हात झटकत म्हणाली, "आपल्या कामाले कडूच पायजे. गोड काय, कोनालेही समजते."

तिने तो वेल बुडाशी धरला, मुळासकट उपटला, धुऱ्याबाहेर भिरकावला आणि पुढे सरकली.

"चाल वं कमले. ऊन चढून राह्यलं."